गल्लीतील शेवटच्या घराचे पाणी

मागच्या मे महिन्यातील एक सकाळ. फजरची नमाज होऊन अर्धा तास झाला असेल. गोंदियात त्या दिवसांत पहाटेचा काय तो गारवा, म्हणून डोळे पुन्हा जड झाले होते. नळ आलेला होता. आमच्या घरी नळाला टिल्लू पंप जोडलेला. त्यामुळे गच्चीवरची टाकी भरायला वीस मिनिटे पुरत. त्या दिवशी पंप सुरू करून आम्ही सगळे आडवे झालो. टाकी भरली, भरून वाहू लागली, पाणी भिंतीवरून उतरून नालीला लागले, तरी आम्हांला पत्ता नाही. दाराची कडी वाजली तेव्हा जाग आली. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आपा रिकामे गुंड घेऊन उभ्या होत्या. "तुमच्याकडे नळ आला का? आमच्याकडे थेंब नाही," त्यांनी विचारले. विचारता विचारता त्यांची नजर भिंतीवरून उतरणाऱ्या पाण्याकडे गेली. त्या काही बोलल्या नाहीत. आम्ही गुंड भरून दिले आणि त्या गेल्या.

त्या काही बोलल्या असत्या तर बरे झाले असते. दोन शब्द आम्हीही बोललो असतो, आणि गोष्ट तिथेच संपली असती.

वीज, पाणी आणि गॅस वाचवा, असे सांगणारे लेख आपण नेहमी वाचतो. बहुतेक लेखांत महिन्याला किती रुपये वाचतील याचा हिशेब असतो. तो हिशेब खोटा नाही, आणि या लेखातही तो येणार आहे. पण पैसे आमचे, ते आम्ही उधळू नाही तर जपू, असे म्हणून माणूस मोकळा होतो. पाण्याच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. नळाच्या लाइनीतील दाब ठरलेला असतो. वरच्या चार घरांनी पंपाने पाणी ओढले की टोकाच्या घरी नळातून नुसती हवा फुसफुसते. आमच्या टाकीतून नालीत गेलेले पाणी हे त्या आपांच्या वाट्याचे पाणी होते. हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरील हक्क, हा विषय आपण जलशांत किती वेळा ऐकतो! शेजाऱ्याचा हक्क म्हटले की आपल्याला सालनाची वाटी आठवते; नळाची लाइन आठवत नाही.

पंप आम्ही काढला. नळाला थेट पंप लावणे नियमातही बसत नाही, हे आम्हांला आधीही ठाऊक होते. आता नळाचे पाणी आपल्या दाबाने खालच्या हौदात पडते आणि हौदातून पंप ते गच्चीवर चढवतो. वेळ लागतो. सकाळची एक झोप गेली. गल्लीतील आणखी तीन घरांनी पंप काढले, दोघांनी नाही काढले. त्यांच्याशी भांडण करून उपयोग नाही, हे एकदा करून पाहिल्यावर समजले.

आता हे पाणी येते कुठून ते पाहू. गोंदिया शहराला वैनगंगेवरील डांगोर्ली येथून पाणी मिळते. पावसाळ्यात भरून वाहणारी ही नदी उन्हाळ्यात वाळूचे पात्र होऊन जाते, आणि काही वर्षी पुजारीटोला धरणाचे पाणी सोडून शहराची योजना चालती ठेवावी लागली आहे. तीच नदी पुढे तिरोड्याच्या बाजूने जाते. तिरोड्याला अदानींचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. ६६० मेगावॉटचे पाच संच, एकूण ३,३०० मेगावॉट. २०१४ पर्यंत पाचही संच सुरू झाले. हा प्रकल्प कोळशावर चालतो, आणि त्याला लागणारे पाणी वैनगंगेचे. तिथून निघालेली वीज ७६५ केव्हीच्या वाहिन्यांवरून औरंगाबादेकडे जाते. आपल्या घरातील दिवा नेमका तिरोड्याच्याच विजेवर पेटतो असे नाही. वीज एका मोठ्या जाळ्यात मिसळते आणि तिथून सगळीकडे वाटली जाते. पण आपल्या जिल्ह्यात बटण आणि नळ हे एकाच नदीचे दोन फाटे आहेत, एवढे म्हणायला हरकत नाही. नदीचे पाणी नळापर्यंत आणायला वीज लागते. वीज करायला पाणी लागते. टाकी वाहून गेली की दोन्ही जातात.

एक युनिट वीज म्हणजे काय, हे मुलांना समजावताना आम्ही कोळशाचे उदाहरण देतो. एका युनिटसाठी साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. शंभर युनिटांना साठ-सत्तर किलो. आपल्याकडच्या चाळीस किलोच्या धानाच्या कट्ट्याने मोजले तर दीड कट्टा. पाण्याचे म्हणाल तर कूलिंग टॉवर असलेल्या प्रकल्पांना २०१५ च्या नियमाने एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरण्याची मर्यादा आहे. हा आकडा लहान वाटेल; पण तो कोणत्या महिन्यात आणि कोणत्या नदीतून जातो, यावर त्याचे वजन ठरते.

आणि हा जिल्हा कोरडा नाही, ही यातली खरी बोच. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, पण तलावांचा मुलूख हे नाव दोन्ही जिल्ह्यांनी वाटून घेतले. कोहळी समाजाच्या जुन्या जाणकारांनी बांधलेले तलाव गावोगाव आहेत. मालगुजारी गेल्यावर सरकारदरबारी त्यांना 'माजी मालगुजारी' म्हणजेच 'मामा' तलाव असे नाव पडले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. वर्षाला बाराशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या भागात त्या लोकांना एक गोष्ट कळली होती की पडणारे पाणी थांबत नाही, ते थांबवावे लागते. आज कित्येक तलावांत गाळ साचला आहे, आणि आपण तलावाच्या गावात बसून टँकरची वाट पाहतो.

आता घरातील पाण्याकडे. वुजूपासूनच सुरुवात करू, कारण ती दिवसातून पाच वेळा होते. आम्ही एक दिवस नळाखाली बादली ठेवून वुजू केला, अगदी रोज करतो तसाच, मुद्दाम काटकसर न करता. पंधरा लिटरची बादली निम्मी भरली. पाच वेळा, सहा माणसे! कागदावर गुणाकार केला आणि कागद घडी करून ठेवला. हजरत अनस (रजि.) यांच्या हवाल्याने बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत नोंद आहे की रसूलुल्लाह (स.) एक मुद्द पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत. मुद्द म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. आजच्या मापाने साधारण पाऊण लिटर, हनफी हिशेबाने थोडे अधिक. चार मुद्दांचा एक साअ. म्हणजे वुजूला एक तांब्या आणि गुस्लला एक लहान बादली. वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी वुजूत पाण्याचा इस्राफ करू नका, ही शिकवणही हदीसमध्ये आलेली आहे, आणि आपल्या प्रत्येकाला ती पाठ आहे. आमच्या दादी बदन्याने वुजू करायच्या. बदना घरातून गेला तो नळ आल्यावर. आम्ही तो माळ्यावरून काढला, चिंचेने घासला आणि मोरीत ठेवला. लहान मुलांना त्याची गंमत वाटते, मोठ्यांना कंटाळा. जमेल तेव्हा बदना, नाही तर नळ बारीक आणि मसह करताना बंद, असे आमच्या घरात ठरले आहे.

मस्जिदीतही पूर्वी हौद असे. हौदाच्या काठावर बसून ओंजळीने पाणी घेतले की हवे तेवढेच हातात येते. आता टोट्यांची रांग असते, आणि जुम्म्याच्या दिवशी दोन टोट्या तरी कायम गळत असतात. टपकणाऱ्या टोटीचा हिशेब सोपा आहे. तिच्याखाली एक लिटरचा मग ठेवा. दहा मिनिटांत भरला, तर चोवीस तासांत १४४ लिटर गेले. वायसर बदलायला किती खर्च येतो ते प्रत्येकाला माहीत आहे.

घरात आरओचे यंत्र असेल तर एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी नळीतून बाहेर जाते. ते बादलीत घ्यावे. फरशी पुसायला आणि संडासात टाकायला चालते. झाडांना रोज घालू नये, त्यात क्षार जास्त असतात. तांदूळ धुतलेले पाणी मात्र झाडांना खुशाल घालावे, आणि भात खाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ते काही कमी नसते.

उन्हाळ्यात पाणी आणि वीज दोन्ही पिणारी एक वस्तू घरोघरी आहे, ती म्हणजे कूलर. कूलरची निंदा आम्ही करणार नाही. ज्यांनी विदर्भातला मे पाहिला नाही त्यांनी ती करावी. दीड टनाचा एसी चालू असताना साधारण दीड हजार वॉट घेतो, तर मोठा कूलर दोनशेच्या आसपास, म्हणजे विजेच्या बाबतीत कूलर गरीबच. पण भर उन्हात तो तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज संपवतो. दहा तास चालला तर ऐंशी ते शंभर लिटर. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊन शहरात, जिथे बो-काप नावाची मुसलमानांची फार जुनी वस्ती आहे, २०१८ च्या दुष्काळात माणशी दिवसाला फक्त ५० लिटर पाण्याची मर्यादा घातली होती. अंघोळ, स्वयंपाक, कपडे, वुजू, सगळे त्यात. आपला एक कूलर तिथल्या दोन माणसांचे पाणी पितो.

म्हणून कूलर नीट चालवावा. त्याच्या समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे हवे. दमट हवा बाहेर गेली नाही तर खोलीत नुसती चिकचिक होते, मग आपण मोटार आणखी वाढवतो. घास दरवर्षी बदलावी. क्षार बसलेल्या घासेतून हवा जात नाही. काही घरांत अजून खसच्या ताट्या लावतात, त्यांचा वास कूलरला कुठून येणार! पाऊस सुरू झाला की कूलरचा पाण्याचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, कारण ओलसर हवेत पाणी उडत नाही आणि गारवाही मिळत नाही. आणि नळाची नळी थेट कूलरला जोडली असेल तर आतला फ्लोट तपासावा. तो अडकला की पाणी रात्रभर मागच्या बाजूने वाहते, आणि मागची बाजू कोणी पाहत नाही.

विजेच्या बिलाबद्दल एक गैरसमज घरोघरी ऐकू येतो. तीनशेच्या वर एक युनिट गेले की सगळे बिल महाग दराने लागते, असे लोक म्हणतात. तसे नाही. महावितरणच्या घरगुती बिलात शंभरपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि पुढे चौथा असे टप्पे आहेत. ज्या टप्प्यात जेवढी युनिटे, तेवढ्यांनाच तो दर. पण याचा दुसरा अर्थ असा की आपण जे शेवटचे युनिट वापरतो तेच सर्वांत महाग असते. आणि वाचते तेही तेच.

ते वाचवायचे कुठे? लोक आधी दिव्यांकडे पाहतात. दिवे आता बहुतेकांचे एलईडी झाले. साठ वॉटच्या जुन्या बल्बच्या जागी नऊ वॉटचा दिवा लागला आणि तिथली बचत होऊन गेली. खरे पाहायचे ते छताकडे. साधा पंखा सुमारे ७५ वॉटचा. दिवसाला सोळा तास फिरला तर महिन्याला ३६ युनिटे. बीएलडीसी मोटारीचा पंखा तीस वॉटच्या आसपास घेतो. त्याला महिन्याला साडेचौदा युनिटे लागतात. तीन पंखे बदलले तर पासष्ट युनिटांच्या आसपास फरक पडतो, म्हणजे ३६५ चे बिल ३०० वर येते. हा पंखा महाग आहे, एकदम तीन घेणे सगळ्यांना झेपणार नाही. आम्ही एकच घेतला, आणि तो अब्बांच्या खोलीत लावला. कारण तिथला पंखा रात्रंदिवस चालतो. पाहुण्यांच्या खोलीत नवा महाग पंखा लावण्यात काही अर्थ नाही, पण शोभेपायी तसेही करणारे आहेत. जुना डब्यासारखा रेग्युलेटर असेल तर तोही बदलावा. त्यात पंखा हळू फिरतो, पण उरलेली वीज त्या डब्यात तापून जाते.

टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी आत जागाच असतो. दहा वॉट धरले तरी महिन्याला सात युनिटे. भिंतीवरचे बटण बंद करायला हात तेवढा लांब करावा लागतो. हिवाळ्यात वीस लिटर पाणी कोमट करायला जवळजवळ अर्धे युनिट लागते, मग ते रॉडने करा की गिझरने. फरक पडतो तो पाणी तापवून तसेच ठेवण्याने. सगळ्यांनी पाठोपाठ अंघोळी आटोपल्या की झाले. छप्पर स्वतःचे असेल तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेची चौकशी करावी. दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० आणि तीन किलोवॉट किंवा अधिकला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठेवलेले आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मात्र पंखा आणि बटणावरच भागवावे लागेल.

आता गॅस. सिलिंडर लावला की भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहायची, ही अम्मींची सवय. १४.२ किलोचा सिलिंडर आमच्याकडे महिनाही पुरत नव्हता. आता महिन्याहून चार-पाच दिवस अधिक जातो. यामागे काही मोठी विद्या नाही. चण्याची डाळ दालच्याला टाकायच्या आधी दोन तास भिजते, काबुली चणे रात्रभर. पाये कुकरमध्ये शिजतात. रात्रभर मंद आचेवर ठेवलेल्या पायांची चव वेगळी असते हे मान्य, पण ती चव वर्षातून एकदा पुरे. जाळ पातेल्याच्या बुडाबाहेर येऊ द्यायचा नाही, आणि तो पिवळा दिसला की बर्नर साफ करायचा.

पण सगळ्यांत जास्त गॅस वाचवला तो तणशीने. ही खालांची आठवण. धान मळून झाल्यावर जी तणस उरते ती त्या एका टोपलीत दाबून भरायच्या, मधे पातेल्याएवढा खड्डा ठेवायच्या. भाताला एक जोरदार उकळी आली, पाच मिनिटे झाली, की पातेले झाकणासकट चुलीवरून उतरवून त्या खड्ड्यात, आणि वरून गोधडी. अर्ध्या-पाऊण तासाने भात तयार. बुडाला लागण्याचा प्रश्नच नाही. दुसऱ्या महायुद्धात इंधन तुटले तेव्हा इंग्लंडमधल्या बायकांनाही अशाच गवताच्या पेट्या वापरायला सांगितले जात होते. आमच्या खालांना ते कोणी सांगितलेले नव्हते. शहरात तणस नसेल तर जुन्या दुलईचे दोन थर पुरतात. डाळ आणि भात यांनाच हा उपाय करावा. मटणाला आम्ही करत नाही, ते नीट खळखळ उकळलेलेच बरे.

गॅस वाचवा म्हणजे पुन्हा चूल पेटवा, असा याचा अर्थ कोणी काढू नये. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि देवरी, सालेकसाच्या खेड्यांतही सिलिंडर पोचले. पण दुसरा सिलिंडर भरायला पैसे नसले की पहिला कोपऱ्यात उभा राहतो आणि घरात पुन्हा धूर होतो. अशा घरात सिलिंडर आठ दिवस जास्त चालला, तर आठ दिवस त्या बाईच्या डोळ्यांत धूर जात नाही. आपल्या कामवालीला, शेतावरच्या बायकांना ही तणशीची टोपली सांगायला काय हरकत आहे? बहुतेक वेळा तणस त्यांच्याच अंगणात पडलेली असते.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, आणि आमच्याच घरातील तरुण मुलाने म्हटलेही, की उन्हाळी धानाच्या बांध्यांना रात्रभर पाणी चालते, राइस मिला आणि कारखाने वीज खातात, लग्नाच्या मंडपावर एका रात्रीत महिन्याचे दिवे जळतात. तिथे आपल्या बदन्याने काय होणार? तो खोटे बोलत नव्हता. वैनगंगा आपल्या घरच्या बचतीने भरणार नाही. आम्ही त्याला एवढेच सांगितले की वैनगंगेचे राहू दे, आपल्या लाइनीचे बघ. लाइनीवर अकरा घरे आहेत. लग्नाच्या रोषणाईबद्दल तो बोलला ते मात्र आम्ही लक्षात ठेवले आहे. पुढच्या वर्षी त्याचेच लग्न करायचे आहे.

आपांच्या घरी आता नळ येतो. बारीक येतो, आणि दोन घरांचे पंप सुरू झाले की तुटतो. तरी त्या गुंड घेऊन आमच्या दारात आलेल्या नाहीत. मस्जिदीच्या गळक्या टोट्यांचा विषय आम्ही कमिटीपुढे ठेवला आहे. वुजूखान्याचे पाणी नालीत न सोडता मागच्या निंबाच्या झाडांकडे वळवता येईल का, हेही विचारले आहे. एका बुजुर्गांनी जुना हौद पुन्हा बांधावा असे सुचवले, त्यावर बराच वाद झाला. बैठक जुम्म्यानंतर पुन्हा आहे.